तोंड फिरवायचं कधी?

स्वारगेटवरून साताऱ्याची साधी एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर नववीच्या सराव चाचणीचे पेपर होते आणि शेजारी मामा. मामा चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. मी बारा वर्षं शिकवतेय, तरी त्यांच्या शेजारी बसून पेपर तपासणं म्हणजे सासूसमोर पोळ्या लाटणं. लाल पेन हातात धरलं की ते खिडकीबाहेर बघतात, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपतात.

कात्रज मागे पडेपर्यंत बरं चाललं होतं. मग तिसरा प्रश्न आला : ७ − २क्ष > १ सोडवा. (पुस्तकात चलासाठी रोमन अक्षर असतं. मामांसमोर मात्र क्षच म्हणायचं.) पेपरामागून पेपर आणि उत्तर एकच, क्ष > ३. पायऱ्या बघाल तर दृष्ट लागावी इतक्या स्वच्छ. सात पलीकडे नेले, −२क्ष > −६ आलं, दोन्ही बाजूंना −२ ने भागलं, क्ष > ३. खाली पट्टीने दोन रेघा. आणि उत्तर चूक.

मामा : किती जणांनी केलंय असं?

मी : निम्म्याहून जास्त.

मामा : नियम पाठ नाही, दुसरं काय. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं. मी वर्गात रोज म्हणून घ्यायचो, प्रार्थनेसारखं. ‘ऋणानं गुणलं, तोंड फिरवलं.’ पन्नास पोरं एका सुरात.

मी : म्हणून घेतलं की समजतं?

मामा : समजायचं नंतर, आधी यायला पाहिजे. तुला विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा आर्किमिडीजचं तत्त्व सांगितलं होतं का मी? पाठीला डबा बांधला आणि दिलं ढकलून.

मी : आणि मी आठवडाभर विहिरीकडे फिरकले नव्हते, ते विसरलात.

मामा : पण पोहायला येतं ना आज? आमच्या तीर्थरूपांनी माझ्याकडून पावकी, निमकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत पाठ करून घेतली. औट म्हणजे साडेतीन हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण बाजारात हिशेब कधी चुकला नाही. तुम्ही आताचे शिक्षक सगळं समजावून सांगता आणि पोरांना सात आठे विचारलं की छताकडे बघतात.

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात कंडक्टर आले. मी महिला म्हणून अर्धं तिकीट, मामा ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टरनी जन्मतारीख पाहिली आणि म्हणाले, “आजोबा, पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण. मग तिकीटच नाही.”

मामांचा चेहरा खुलला. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी मोफत आहे, हे त्यांना तारखेसकट पाठ. मला मात्र खोड काढायची सुरसुरी आली.

मी : सवलत कशी लिहितात? ‘६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरील मोफत.’ मग ज्या दिवशी तुम्हाला बरोबर पंच्याहत्तर पूर्ण होतील त्या दिवशी तुम्ही कुठल्या गटात? ‘६५ ते ७५’ मध्ये पंच्याहत्तर आहेत. ‘वरील’मध्ये आहेत का?

मामा : वरील म्हणजे वर. पंच्याहत्तर धरून नाही.

कंडक्टर : अहो, पूर्ण झाले म्हणजे झाले. त्या दिवशी बसा बिनधास्त.

ते पुढच्या सीटकडे गेले. मामांनी त्यांच्या पाठीकडे जरा प्रेमाने पाहिलं.

मी : बघा, तुमच्या व्याख्येने क्ष > ७५ आणि त्यांच्या व्याख्येने क्ष ≥ ७५. त्या एका आडव्या रेघेची किंमत एक अर्धं तिकीट. संख्यारेषेवर ७५ च्या जागी पोकळ गोल काढायचा की भरीव ठिपका, एवढाच फरक. मुलं विचारतात, काय फरक पडतो बाई? आता सांगेन, माझ्या मामांना विचारा.

मामा : ती रेघ मी कधीच महत्त्वाची मानली नाही. अर्धा गुण जायचा फार तर.

मी : ‘फार तर’ म्हणालात!

हे मी त्यांना मुद्दाम ऐकवलं. आपण दिवसभर असमानता बोलत असतो आणि पुस्तकात ती भेटली की अनोळखी माणसासारखं बघतो. निदान दोन पोळ्या खा. फार तर दहा मिनिटं लागतील. दोनशेच्या आत मिळालं तर घे. ‘शंभराच्या आत’ म्हटलं की शंभर बाहेर राहतात, ‘शंभरापर्यंत’ म्हटलं की शंभरही आत येतात. हा बारकावा भाजीवालीला पक्का ठाऊक असतो. मतदानासाठी ‘अठरा वर्षं पूर्ण’ असं म्हणतात तेव्हा त्या ‘पूर्ण’ शब्दात भरीव ठिपका आहे. पूर्वी तो ठिपका एकवीसवर होता. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने तो तीन घरं डावीकडे आणला. वर्गात मी आता आधी वाक्यं देते आणि चिन्हं मुलांकडून काढून घेते. ‘पन्नासपेक्षा कमी नाही’ याचं चिन्ह काढायला सांगितलं की अर्धा वर्ग ‘कमी’ ऐकून मोकळा होतो, ‘नाही’पर्यंत पोचतच नाही.

मामा : हे बोलायला छान आहे. पण व्यवहारात कोण असमानता सोडवतं? समीकरण मांडायचं, उत्तर काढायचं, मग डोकं चालवायचं.

मी : गेल्या वर्षी सहलीचा हिशेब माझ्याकडे होता. गाडीचं भाडं अठरा हजार ठरलेलं, मुलं कितीही असोत. जेवण दर मुलामागे एकशेवीस. वर्गणी साडेचारशे ठेवावी असं सगळ्यांचं मत. तोटा होऊ नये म्हणून निदान किती मुलं हवीत? ४५०क्ष ≥ १८००० + १२०क्ष. म्हणजे ३३०क्ष ≥ १८०००. क्ष किमान पंचावन्न. आणि गाडीत बसणार पन्नास.

मामा : म्हणजे उत्तरच नाही.

मी : नाहीच. पंचावन्नच्या पुढचे आणि पन्नासच्या आतले, असा माणूस जन्माला यायचाय. मग वर्गणी पाचशे केली. ३८०क्ष ≥ १८०००, क्ष ≥ ४७.३७ च्या आसपास. तुमच्या समीकरणाने ४७.३७ मुलं आली असती, म्हणजे सत्तेचाळीस मुलं आणि अठ्ठेचाळिसाव्याचा एक पाय.

मामा : पूर्णांकात घ्यायचं की. सत्तेचाळीस.

मी : तिथेच एकशेचाळीस रुपयांचा खड्डा पडतो. सत्तेचाळीस मुलांचे साडेतेवीस हजार येतात आणि खर्च तेवीस हजार सहाशे चाळीस. बिंदूनंतर तीन आहे म्हणून खाली यायचं, हा अंकगणितातला नियम. इथे वर जायचं, कारण चिन्ह ‘निदान’चं आहे. उत्तर काय आलं? अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास किंवा पन्नास. तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. मुख्याध्यापकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “नक्की आकडा सांगा ना.” समीकरणाची सवय लागलेला माणूस असाच असतो.

मामा हसले, पण हार मानल्याचं हसू नव्हतं ते. शिवापूरचा टोल गेला. त्यांनी माझ्या हातातून एक पेपर ओढून घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली आणला.

मामा : बरं, सहल झाली. आता मुद्द्याचं बोल. या पोराने भागाकार बरोबर केला आणि तोंड फिरवायचं विसरला. माझा मंत्र पाठ असता तर विसरला असता का?

मी : विसरला नसता. पण हे दुसरं बघा. तिसऱ्याचाच आ उपप्रश्न, ३क्ष > −१२. याने काय लिहिलंय? क्ष < −४.

मामा : का फिरवलं? तीन तर धन आहे.

मी : उजवीकडे उणे दिसलं म्हणून. याच्या क्लासमध्ये तुमचाच मंत्र आहे, चाल वेगळी असेल. आणि ही मुलगी, क्ष − ५ > २. हिने उत्तर काढलंय क्ष < ७. वजाबाकीचं उणे दिसलं की फिरवलं तोंड. ‘ऋणानं गुणलं’ मधलं ‘गुणलं’ गळून पडतं, ‘ऋण’ तेवढं राहतं. विसरणारे एका बाजूला आणि नको तिथे फिरवणारे दुसऱ्या बाजूला. मंत्राने पहिले कमी होतात आणि दुसरे वाढतात.

मामा गप्प राहिले. मग म्हणाले, “असली माझ्या वर्गातही असायची.” चौतीस वर्षांत त्यांनी हे माझ्यासमोर पहिल्यांदाच कबूल केलं असावं, म्हणून मी लगेच पुढचं बोलले नाही. नीरेचा पूल ओलांडून गाडी शिरवळला थांबली. मामांनी खिडकीतून शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेतल्या.

मामा : मग तू कसं शिकवतेस? आणि तराजू सांगू नकोस. तुमच्या प्रशिक्षणात सगळीकडे तराजू असतो.

मी : समीकरणाला तराजू चांगलाच आहे. असमानतेलाही थोडा वेळ चालतो. एक पारडं खाली गेलेलं आहे, दोन्हीकडे सारखंच वजन टाकलं तर खालचं खालीच राहणार. दोन्हीकडे दुप्पट केलं तरी तेच.

मामा : आणि उणे दोनने गुणलं तर? पारड्यात उणे वजन टाकून दाखव. वाण्याला विचार, उणे दोन किलो साखर दे म्हणावं.

खरं सांगायचं तर इथे मला उत्तर नव्हतं. तराजू ऋण संख्येपाशी मोडतो, आणि असमानतेतली सगळी गंमत नेमकी तिथेच सुरू होते. मी तीन वर्षं वर्गात तराजू काढत होते आणि चिन्ह फिरवायची वेळ आली की फळा पुसून “आता हा नियम लक्षात ठेवा” म्हणत होते. म्हणजे मामांचाच मंत्र, फक्त उशिरा. अलीकडे मी तराजू सोडला आहे.

मी : वाण्याला नाही, सावकाराला विचारते. दोन माणसं. एकाकडे पाच लाखांची पुंजी आहे, दुसऱ्याकडे दोन लाखांची. कोण वरचढ?

मामा : पाच लाखवाला.

मी : आता जादू करून दोघांच्या पुंजीचं कर्ज करून टाकलं. जेवढी पुंजी होती तेवढंच कर्ज. आता कोण बरा?

मामा : दोन लाखवाला. पाचवाला जास्त बुडाला.

मी : झालं. ५ > २, पण −५ < −२. कुणी नियम लावला नाही, जे वर होतं ते खाली गेलं. मुलांना मी शून्यापाशी आरसा धरायला सांगते. संख्यारेषेवर उजवीकडे जो लांब होता तो आरशात डावीकडे लांब जातो. उणे एकने गुणणं म्हणजे हा आरसा. उणे दोनने गुणायचं तर आरसा धरायचा आणि दुप्पट ताणायचं. ताणल्याने क्रम बदलत नाही, आरशाने बदलतो.

मामा : कर्जाचं उदाहरण काही तुझं नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धांतात बेरीज-गुणाकाराचे नियम दिले तेच मुळी धन आणि ऋण या शब्दांत. ऋण म्हणजे कर्ज. आपण ‘ऋण संख्या’ म्हणतो तेव्हा सावकार घरातच असतो, पोरांना दिसत नाही इतकंच.

मी : त्यात असमानतेचा नियम आहे असं मात्र मी वर्गात सांगणार नाही हं.

मामा : नको सांगू. असमानतेची चिन्हंच फार उशिरा आली. ‘बरोबर’चं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं. लहान-मोठ्याची ही दोन टोकं टॉमस हॅरियटच्या पुस्तकात १६३१ ला आली, आणि तोवर तो बिचारा जाऊन दहा वर्षं झाली होती. मधली वर्षं मोज.

मी : चौऱ्याहत्तर.

मामा : माझ्या आजच्या वयाएवढी. आणि तू ज्या रेघेसाठी कंडक्टरशी वाद घातलास, ती ‘किंवा बरोबर’ची रेघ पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने १७३४ मध्ये वापरली. म्हणजे आणखी एकशेतीन वर्षं. चिन्ह नव्हतं म्हणून अडलं काही? तुझ्या विहिरीतल्या आर्किमिडीजने त्याच्या कितीतरी आधी वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तीन पूर्णांक एक सप्तमांशपेक्षा कमी आणि तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशपेक्षा जास्त असं दोन बाजूंनी कोंडलं होतं. शब्दांत.

चिन्हांवरून मला मगर आठवली. पहिली-दुसरीत मुलांना सांगतात, मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते. गोड कल्पना आहे आणि नववीत मला तिचा फार त्रास होतो. −८ आणि −३ समोर ठेवले की मगर आठाकडे धावते, कारण आठ अंगाने मोठा दिसतो. मामांच्या ‘तोंड फिरवलं’मध्येही ती मगरच बसली आहे. मी हे त्यांना म्हटलं, तर म्हणाले, “मगरीला थर्मामीटर दाखव. द्रासला उणे आठ असताना जास्त थंडी की उणे तीन असताना?” हे मी पुढच्या आठवड्यात वापरणार आहे. श्रेय देईनच असं नाही.

खंबाटकीची चढण लागली. गाडीने सूर बदलला, आम्हीही जरा मोठ्याने बोलू लागलो.

मी : आता माझी पद्धत ऐका. मी चिन्ह फिरवायची वेळच येऊ देत नाही. आधी सीमा शोधायची. ७ − २क्ष बरोबर १ कधी? क्ष तीन असताना. म्हणजे तीनपाशी कुंपण आहे. कुंपणाच्या एका बाजूची जमीन आपली, दुसरी परक्याची. कुठली आपली? कुठलीही एक संख्या घालून बघायची. शून्य सगळ्यात सोपं. शून्य घातलं तर सात राहतात. सात एकपेक्षा मोठे आहेत. म्हणजे शून्य ज्या बाजूला ती बाजू आपली. क्ष < ३. मंत्र नाही, आरसा नाही, मगर नाही. या सगळ्या पोरांनी क्ष > ३ लिहून झाल्यावर एकदा शून्य घातलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

मामा : क्ष डावीकडे ठेवायचाच कशाला? −२क्ष पलीकडे नेऊन ६ > २क्ष करता येतं. तिथेही फिरवावं लागत नाही.

मी : करून पाहिलं. ३ > क्ष येतं. मग मुलांना उत्तर क्षपासून सुरू करायची सवय, म्हणून खाली स्वच्छ अक्षरात क्ष > ३ उतरवतात. तिथल्या तिथे.

मामा : हं. ती पळवाट फसली. तुझ्या कुंपणाचं बघू.

त्यांनी तिकिटाच्या मागच्या बाजूला माझ्याच लाल पेनाने लिहिलं : ६/क्ष < २. “हे तसं रेषीय नाही,” ते म्हणाले, “पण तुझं कुंपण किती मजबूत आहे ते कळेल.”

मी सरसावले. सीमा : सहाला कितीने भागलं की दोन? तीन. कुंपण तीनपाशी. आता शून्य घालायचं, पण शून्याने भागता येत नाही, म्हणून एक घातला. सहा भागिले एक, सहा. दोनपेक्षा कमी नाही. डावी बाजू परक्याची. चार घातले, दीड आला, दोनपेक्षा कमी. उजवी आपली. क्ष > ३. घाट संपायच्या आत उत्तर.

मामा : उणे एक घाल.

मी घातला. सहा भागिले उणे एक, उणे सहा. दोनपेक्षा कमी. म्हणजे उणे एकही उत्तरात आहे, आणि तो कुंपणाच्या परक्या बाजूला उभा. उणे दोन घातले, तोही उत्तरात. उणे शंभरही. सगळ्याच्या सगळ्या ऋण संख्या आपल्या आणि मी त्या लोकांना देऊन बसले होते.

मामा : तुझं कुंपण कधी चालतं? ७ − २क्ष ही सरळ रेषा आहे. ती एक ही पातळी एकदाच ओलांडते, परत फिरून येत नाही. म्हणून एका बाजूची एक संख्या तपासली की सगळी बाजू तपासली. इथे शून्यापाशी रस्ताच तुटलाय. एका काठावर डोंगर, दुसऱ्या काठावर दरी. तू तुटलेल्या जागी पाय ठेवता येत नाही म्हणून एकवर उडी मारलीस आणि पलीकडे काय आहे ते बघितलंच नाहीस.

मी : आणि तुमच्या नियमाने काय होतं?

मामा : नियम विचारतो, कशाने गुणतोयस? क्षने. क्ष धन आहे की ऋण? माहीत नाही. मग दोन्ही बघ. जर धन असेल, तर तोंड तसंच, ६ < २क्ष, क्ष > ३. जर ऋण असेल, तर तोंड फिरलं, ६ > २क्ष, क्ष तीनपेक्षा कमी. ऋण संख्या तीनपेक्षा कमी असतेच, म्हणजे सगळ्या आल्या. उत्तर : क्ष > ३ किंवा क्ष < ०.

मी : हे तुमच्या मंत्रात कुठे होतं?

मामा : नियमात आहे. जर ऋणाने गुणलं, तर. मंत्र करताना ‘जर’ मीच खाल्ला, यमक जुळेना म्हणून.

मला ही कबुली मगाचच्यापेक्षा मोठी वाटली. आम्ही दोघं पुण्यापासून पाठांतर विरुद्ध समज असं भांडत आलो होतो, आणि समोरच्या पेपरांत तर वेगळंच काहीतरी दिसत होतं. ज्यांनी तोंड फिरवलं नाही त्यांनी ‘जर’ वाचला नाही, ज्यांनी नको तिथे फिरवलं त्यांनीही नाही, आणि तिकिटामागच्या उदाहरणात मीही नाही. माझ्या कुंपणालाही एक ‘जर’ होता, वाटेत रस्ता तुटलेला नसेल तर, आणि तो मी वर्गात कधी सांगितला नव्हता. नववीत क्रमसंबंधाचे गुणधर्म शिकवताना पुस्तकात तो ‘जर’ छापलेला असतो. आम्ही दोघांनीही तो फळ्यावर उतरवून घेतला नाही, कारणं मात्र वेगवेगळी.

मामा : तरी मी म्हणतो, आधी पाठ. ‘जर’सकट पाठ.

मी : आणि मी म्हणते आधी आरसा. ‘जर’ आरशात दिसतो.

मामा : परीक्षेत आरसा काढायला वेळ असतो का?

मी : नियम चुकीचा आठवला तर तो बरोबर आहे की चूक हे कशावरून ठरवणार? परीक्षेत तुम्ही शेजारी बसलेले नसता.

मामा : अगं, एवढं करून पुढे याचा उपयोग किती जणांना? अकरावीला विज्ञान-वाणिज्य घेतील त्यांना.

मी : १९३८ मध्ये लेनिनग्राडमध्ये कांतोरोविच नावाच्या तरुण गणितज्ञाकडे प्लायवूडच्या कारखान्याची अडचण आली. यंत्रं आठ, लाकडाचे प्रकार पाच, कुठल्या यंत्रावर काय कापायचं म्हणजे माल जास्तीत जास्त निघेल? एवढं लाकूड आहे, त्याहून जास्त नाही. एवढे तास आहेत, त्याहून जास्त नाहीत. सगळी तुमची ‘फार तर’ आणि ‘निदान’. त्या कामातून जे उभं राहिलं त्याला आपण आज रेषीय प्रायोजन म्हणतो, आणि १९७५ मध्ये कांतोरोविचला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या सहलीचा हिशेब त्याचाच धाकटा भाऊ. दोनच अटी होत्या, म्हणून बोटांवर जमला.

मामा : प्लायवूडवाल्याला ‘नक्की आकडा सांगा’ म्हणणारा मुख्याध्यापक भेटला नाही, नशीब त्याचं.

भुईंज, पाचवड गेलं. मामांना डुलकी लागली. मी उरलेले पेपर पुढे ओढले. क्ष > ३, क्ष > ३, मध्येच एखादा क्ष < ३. बरोबर लिहिणाऱ्यांतले किती मंत्राने तरले आणि किती समजून, हे पेपरवरून कळायला मार्ग नाही. मला याचं नेहमी वाईट वाटतं. बरोबर उत्तर आपलं गुपित कधी सांगत नाही, चूक उत्तर सगळं सांगून टाकतं.

आनेवाडीच्या टोलवर गाडी थांबली तेव्हा मामा जागे झाले. त्या वेळी माझ्या हातात तळातला एक पेपर होता. अक्षर वाईट. आधी क्ष > ३ लिहिलेलं, मग ते खोडलेलं. खाली क्ष < ३. आणि समासात पेन्सिलने, जणू कुणाला दिसू नये म्हणून बारीक : ‘० घातले तर ७. ७ > १. मग ० उत्तरात पाहिजे. फिरवायला विसरलो.’

मामांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“याला तीन दे,” म्हणाले.

प्रश्न दोन गुणांचा होता. मी दोन दिले.